'गुड व्हायब्रेशन्स' (१९६६): तुकडे जोडून केलेले हे गाणे एकसंध का वाटते?

तबकडीप्रेमी

बीच बॉइज या अमेरिकन रॉक बँडची १९६० च्या दशकातली ध्वनिमुद्रणे मी सध्या कालक्रमाने ऐकत आहे. आधी समुद्र, लाटा आणि मोटारी यांविषयीची सुरुवातीची गाणी, मग मे १९६६ मधला 'पेट साउंड्स' हा अल्बम, आणि त्यानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅपिटॉल कंपनीने काढलेले 'गुड व्हायब्रेशन्स' हे सिंगल, असा हा क्रम आहे. या शेवटच्या गाण्यापाशी मी अडलो आहे, आणि ज्यांनी ते बारकाईने ऐकले आहे त्यांच्याकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

गाणे साडेतीन मिनिटांपेक्षा किंचितच मोठे आहे. तरीही त्याचे काम फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत चालले, ते चार वेगवेगळ्या स्टुडिओंमध्ये झाले आणि त्यासाठी नव्वद तासांहून अधिक टेप वापरली गेली, असे त्याच्याविषयी लिहिलेले सर्वत्र आढळते. त्या काळी पॉप सिंगलचा वाद्यमेळ बहुधा एकाच सत्रात उरकत असे. मग इथे एवढा काळ नेमका कशात गेला? ऐकताना वाद्यांची प्रचंड गर्दी जाणवत नाही. उलट, कित्येक ठिकाणी एक ऑर्गन, एक बेस आणि एक आवाज एवढेच उरते.

माझी खरी अडचण मात्र वेगळी आहे. लक्ष देऊन ऐकले की या गाण्यातले सांधे स्पष्ट ऐकू येतात. कडव्यातला ऑर्गन एका क्षणात नाहीसा होतो आणि त्याच्या जागी चेलो घासू लागतो. ज्या खोलीत गाणे चालले होते ती खोलीसुद्धा बदलली, असा भास होतो. दुसऱ्या ध्रुवपदानंतर, सुमारे १ मिनिट ४० सेकंदांवर, ठेका, वाद्ये आणि आवाजांची जवळीक हे सारेच पालटते, आणि सव्वादोन मिनिटांच्या आसपास तर गाणे जवळजवळ थांबून ऑर्गनच्या लांब स्वरांवर येऊन उभे राहते. इतके तुकडे जाणवल्यावर गाणे विस्कळीत वाटायला हवे. पण मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच ओढीने पुढे नेते. ही निव्वळ ऐकण्याची सवय आहे, की रचनेतच तसे काही बांधलेले आहे?

ध्रुवपदात जो शिट्टीसारखा, स्वरांवरून सरकत जाणारा आवाज आहे, त्याला काही जण थेरेमिन म्हणतात आणि काही जण ठामपणे नाही म्हणतात. त्याविषयीही कोणी नेमके सांगितले तर बरे होईल.

ध्वनिलेखनिक

काळ कशात गेला हे समजण्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते: बँडचे संगीतकार आणि निर्माते ब्रायन विल्सन यांनी हे गाणे आधी पूर्ण रचून मग ध्वनिमुद्रित केलेले नाही. ध्वनिमुद्रण करता करता ते रचले गेले, आणि त्याचा अंतिम आकार टेपचे तुकडे जोडताना ठरला.

डिसेंबर १९६४ मध्ये विमानप्रवासात आलेल्या मानसिक आघातानंतर विल्सन यांनी बँडबरोबर दौऱ्यावर जाणे जवळजवळ सोडून दिले होते. बाकीचे सदस्य गावोगाव कार्यक्रम करत असताना ते लॉस एंजेलिसमध्ये राहून स्टुडिओतील व्यावसायिक वादकांकडून वाद्यमेळ तयार करून घेत, आणि बँड परतला की त्यावर आवाज चढवले जात. 'पेट साउंड्स' याच पद्धतीने झाला. 'गुड व्हायब्रेशन्स'चे पहिले ध्वनिमुद्रणही त्याच अल्बमच्या कामादरम्यान, फेब्रुवारी १९६६ मध्ये गोल्ड स्टार स्टुडिओत झाले. तेव्हा त्याचे शब्द गीतकार टोनी अ‍ॅशर यांचे होते आणि त्या गाण्याचा सूर पुढच्या रूपापेक्षा रिदम अँड ब्लूजच्या पुष्कळ जवळ होता. ते रूप ऐकले की कोणालाही ते अल्बममध्ये सहज बसले असते असे वाटेल. विल्सन यांनी मात्र ते बाहेर ठेवले.

त्यानंतर त्यांनी संपूर्ण गाणे एकसलग वाजवून घेणे सोडले. एका सत्रात फक्त कडवे, दुसऱ्या सत्रात फक्त ध्रुवपद, तिसऱ्या सत्रात मधलाच एखादा नवा भाग, अशी त्यांची पद्धत झाली. एकच भाग वेगळ्या वाद्यांनी, वेगळ्या लयीत आणि वेगळ्या स्टुडिओत पुन्हा केला जाई. गोल्ड स्टार, वेस्टर्न रेकॉर्डर्स, सनसेट साउंड आणि कोलंबिया हे ते चार स्टुडिओ. प्रत्येकाचा स्वतःचा आवाज होता, आणि ही गोष्ट विल्सन यांना एखाद्या वाद्यासारखी वापरायची होती. गोल्ड स्टारची प्रतिध्वनीची खोली त्या काळी प्रसिद्ध होती. वेस्टर्नची खोली लहान होती आणि तिथे चक ब्रिट्झ या ध्वनिमुद्रकाबरोबर विल्सन यांचे चांगले जमत असे. कोलंबियात त्या काळी दुर्मीळ असलेले आठ ट्रॅकचे यंत्र होते, जे अनेक पदरी गायनासाठी फार सोयीचे होते.

नव्वद तासांची टेप म्हणजे अंतिम गाण्यात न आलेल्या संगीताचा साठा आहे, हे त्या आकड्याविषयी बोलताना सहसा सांगितले जात नाही. जे भाग नाकारले गेले तेही पूर्ण वाजवलेले, नीट ध्वनिमुद्रित केलेले आणि पैसे देऊन झालेले होते. वादकांना संघटनेच्या दराने, तीन तासांच्या सत्राच्या हिशेबाने मानधन मिळे, त्यामुळे खर्च वाढत गेला. एकूण खर्चाचे अंदाज वेगवेगळे आहेत; बहुधा ५० ते ७५ हजार डॉलर असा आकडा दिला जातो. तेवढ्या खर्चात त्या काळी एक अख्खा अल्बम होत असे.

आता सांध्यांविषयी. त्या काळी टेप जोडायची म्हणजे ती खाचेत बसवून ब्लेडने तिरकी कापायची, दोन टोके शेजारी आणायची आणि पाठीमागून चिकटपट्टी लावायची. कापलेल्या जागी आधीच्या भागाचा केवळ शेवटचा स्वरच संपतो असे नाही, तर त्या स्वराचा प्रतिध्वनीसुद्धा तिथेच तुटतो. तुम्हाला खोली बदलल्याचा जो भास होतो तो भास नाही: खोली खरोखरच बदललेली आहे. एरवी कोणताही ध्वनिमुद्रक असा सांधा एखाद्या झांजेच्या आवाजाखाली किंवा ढोलाच्या ठोक्याखाली लपवेल. विल्सन यांनी ते सांधे उघडे ठेवले, आणि माझ्या मते हाच या रेकॉर्डचा सर्वांत धाडसी निर्णय आहे. चोख आणि सलग आवाज कसा मिळवायचा हे त्यांना पुरेपूर माहीत होते, याचा पुरावा 'पेट साउंड्स'च्या पानोपानी आहे.

मंद्रसप्तक

ध्वनिलेखनिक यांनी सांधे कसे केले हे उत्तम सांगितले आहे. ते सांधे का टिकतात, याचे उत्तर मला स्वररचनेत दिसते, आणि मूळ प्रश्नकर्त्याचे निरीक्षण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारे असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

कडवे ई फ्लॅट मायनर या पाश्चात्त्य स्वरसप्तकात आहे. त्यातले कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) पायरी पायरीने खाली उतरतात: ई फ्लॅट मायनर, मग डी फ्लॅट, मग सी फ्लॅट, मग बी फ्लॅट. ब्रायन यांचे भाऊ कार्ल विल्सन यांचा आवाज या उतरणीवर अलगद तरंगत राहतो, आणि त्यामुळे कडव्याला एक प्रकारचे संकोची, स्वप्नाळू रूप येते. ध्रुवपद जी फ्लॅट मेजरमध्ये सुरू होते. ई फ्लॅट मायनर आणि जी फ्लॅट मेजर या दोन्हींचे सात स्वर तेच आहेत. फक्त घर बदलते. म्हणजे ज्या क्षणी ऑर्गन जातो, चेलो येतो, खोली बदलते आणि ठेका बदलतो, त्याच क्षणी स्वरांचा साठा मात्र तोच राहतो. कानाला आवाजाच्या पोतात एवढा मोठा धक्का सोसवतो तो यामुळेच.

ध्रुवपदात दिशाही उलटते. जी फ्लॅटमध्ये म्हटलेली ओळ ए फ्लॅटमध्ये आणि मग बी फ्लॅटमध्ये चढवली जाते, दर वेळी एक पूर्ण स्वर वर. खाली उतरणारे कडवे आणि वर चढणारे ध्रुवपद एकमेकांना लागूनच ठेवल्यामुळे, जिथे टेप कापली आहे तिथेच दिशा वळते. सांधा आणि वळण एकाच जागी आल्यावर तो सांधा दोषासारखा ऐकू येत नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. दुसरे ध्रुवपद चढत बी फ्लॅटवर पोहोचते. १ मिनिट ४० सेकंदांवरचा तो अचानक बदल, ज्यात खणखणीत पियानो पुढे येतो, त्याच बी फ्लॅटवरून सुरू होतो. पुन्हा तेच तंत्र: पोत पूर्ण नवा, पण पायाखालचा स्वर तोच. त्यानंतर येणारा ऑर्गनचा संथ भाग एफमध्ये आहे. एफ हा बी फ्लॅटचा पंचम, आणि पाश्चात्त्य स्वररचनेत पंचमावरून षड्जावर परतण्याइतकी जोरकस हालचाल दुसरी नाही. त्या संथ भागाच्या अखेरीस सगळे आवाज मिळून एक लांब स्वरसमूह धरतात आणि मग ध्रुवपद परत येते, ते पहिल्या वेळेसारखे जी फ्लॅटमध्ये नव्हे, तर बी फ्लॅटमध्ये. म्हणून ते परत येणे एवढे सुटकेचे वाटते. आणि परत आल्यावर ते चढत नाही, उतरते: बी फ्लॅट, ए फ्लॅट, जी फ्लॅट. सुरुवातीला ज्या पायऱ्यांनी गाणे वर गेले त्याच पायऱ्यांनी ते खाली येते.

हे सगळे अपघाताने जुळलेले नाही. नव्वद तासांतून हाती आलेल्या तुकड्यांमधून जे एकमेकांना स्वराने धरून राहतील असे तुकडे निवडणे, आणि जे कितीही सुंदर असले तरी धरून राहत नाहीत ते टाकून देणे, हेच सात महिन्यांचे काम होते असे मी म्हणेन. त्यामुळे ध्वनिलेखनिक यांच्या एका वाक्यात मला थोडी भर घालावीशी वाटते: सांधे उघडे ठेवणे हे धाडस खरेच, पण ते उघडे ठेवणे परवडले ते स्वररचनेच्या जोरावर.

ध्रुवपदातल्या चेलोविषयी एक जाता जाता. तो लांब, गोड ओढीने वाजत नाही. एका ठोक्यात तीन घाव, असा जोरात घासून वाजवला आहे, जवळजवळ तालवाद्यासारखा. ही कल्पना कोणाची, यावर मतभेद आहेत: ब्रायन विल्सन यांनी ती कार्लची असल्याचे सांगितले आहे, तर गीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांनी ती आपली सूचना असल्याचे म्हटले आहे. कल्पना कोणाचीही असो, त्या चेलोशिवाय ध्रुवपदाला जमीन उरत नाही.

तारयंत्र

वाद्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. ते थेरेमिन नाही. ते इलेक्ट्रो-थेरेमिन आहे, ज्याला त्याच्या निर्मात्यावरून टॅनेरिन असेही म्हणतात.

लिओन थेरेमिन या रशियन संशोधकाने १९२० च्या सुमारास केलेल्या मूळ वाद्याला हात लावावाच लागत नाही. त्याच्या दोन अँटेनांजवळ हात हलवून एका हाताने स्वराची उंची आणि दुसऱ्या हाताने आवाजाची पातळी बदलतात. ते शिकायला अत्यंत अवघड आहे, कारण हवेत बोट कुठे थांबवायचे याला कोणताही आधार नसतो. पॉल टॅनर हे ग्लेन मिलर यांच्या वाद्यवृंदातले जुने ट्रॉम्बोनवादक. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बॉब व्हिटसेल यांच्या मदतीने एक पेटी तयार करवून घेतली, जिच्यात एक सरकती मूठ एका विद्युत-कंपकाची वारंवारता बदलते. मूठ जिथून सरकते तिथे स्वरांच्या खुणा असल्यामुळे वादकाला नेमका स्वर गाठता येतो. ट्रॉम्बोनची नळी सरकवण्याची सवय असलेल्या माणसाला असेच वाद्य सुचावे, हे स्वाभाविकच आहे.

'गुड व्हायब्रेशन्स'मध्ये ते टॅनर यांनीच वाजवले. त्याआधी 'पेट साउंड्स'मधल्या एका गाण्यातही त्यांनी ते वाजवले होते. मंचावर ते गाणे सादर करायची वेळ आली तेव्हा टॅनर बँडबरोबर दौऱ्यावर जाणार नव्हते. म्हणून इलेक्ट्रॉनिक वाद्ये बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या कंपनीकडून पट्टीवर बोट सरकवून वाजवायचे एक उपकरण करवून घेण्यात आले आणि कार्यक्रमांत ते गायक माइक लव्ह वाजवत असत.

भीतीच्या किंवा परग्रहवासीयांच्या प्रसंगी वापरला जाणारा आवाज तोपर्यंत श्रोत्यांना चित्रपट आणि टीव्हीवरून माहीत होता. तोच आवाज इथे प्रेमात पडलेल्या माणसाच्या अंगावर येणाऱ्या शहाऱ्यासाठी वापरला गेला, हे मला या वाद्याच्या निवडीतले खरे सौंदर्य वाटते.

तबकडीप्रेमी

तिघांचेही मनापासून आभार. मंद्रसप्तक यांचे लेखन वाचून मी गाणे पुन्हा ऐकले आणि संथ भागानंतर ध्रुवपद वेगळ्या उंचीवर परत येते हे आता मला स्पष्ट ऐकू येते. यातून दोन गोष्टी सुचतात.

पहिली अशी: संथ भाग हे व्यापारी दृष्टीने मोठेच धाडस नव्हते का? रेडिओवर वाजायच्या सिंगलमध्ये ऐन मध्यावर ठेका काढून घेणे म्हणजे श्रोत्याने दुसरे केंद्र लावण्याची सोय करून देणेच आहे. दुसरी अशी: वाद्ये जर भाड्याने घेतलेल्या वादकांनी वाजवली, रचना आणि जोडणी ब्रायन विल्सन यांची, आणि विशेष वाद्य टॅनर यांचे, तर मग यात बीच बॉइज हा बँड नेमका कुठे आहे?

उत्तररात्र

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण तो प्रश्न अनेकदा विचारला जातो आणि त्यात बँडवर थोडा अन्याय होतो असे मला वाटते.

हॅल ब्लेन, कॅरल के, लायल रिट्झ, लॅरी नेक्टेल यांच्यासारखे वादक त्या काळी लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित होणाऱ्या असंख्य रेकॉर्डवर वाजवत होते. पुढे त्यांना मिळून रेकिंग क्रू असे नाव पडले. त्यांचे कौशल्य वादातीत आहे. तेच वादक मात्र त्याच आठवड्यात दुसऱ्या दहा जणांसाठीही वाजवत होते, आणि त्यांतल्या एकाचीही रेकॉर्ड अशी ऐकू येत नाही. बीच बॉइज बँड या गाण्यात आहे तो गळ्यांत. ब्रायन, कार्ल आणि डेनिस हे तीन सख्खे भाऊ, माइक लव्ह हे त्यांचे आतेभाऊ, शाळेपासूनचे मित्र अल जार्डीन आणि १९६५ मध्ये आलेले ब्रूस जॉन्स्टन. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये लहानपणापासून एकत्र गाणाऱ्या भावंडांचे स्वर जसे एकमेकांत मिसळतात तसे पैसे देऊन मिळत नाहीत. ब्रायन यांनी फोर फ्रेशमेन या गायकवृंदाच्या रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून प्रत्येक आवाजाची वाट वेगळी काढायला शिकून घेतले होते, आणि ते शिक्षण या गाण्याच्या ध्रुवपदात ऐकू येते: तळाशी माइक लव्ह यांचा जाड, ठाम आवाज, आणि त्यावर एक एक करून चढणारे बाकीचे. खालचा आवाज ठेक्याला धरून राहतो, वरचे आवाज लांब पसरतात. वाद्ये काढून नुसते गायन ऐकले तरी ध्रुवपद उभे राहते.

शब्दांविषयीही सांगायला हवे. मूळ कल्पना ब्रायन यांच्या आईची, ऑड्री विल्सन यांची. कुत्री काही माणसांवर भुंकतात आणि काहींवर भुंकत नाहीत, कारण माणसाच्या आत काय आहे ते त्यांना जाणवते, असे त्यांनी मुलाला लहानपणी सांगितले होते, आणि ते त्याच्या मनात भीतीच्या रूपाने राहिले होते. अ‍ॅशर यांचे पहिले शब्द बाजूला ठेवल्यावर माइक लव्ह यांनी नवे शब्द लिहिले, आणि आपण ते स्टुडिओकडे गाडीतून जाताना सांगितले असे त्यांनी अनेक मुलाखतींत म्हटले आहे. ब्रायन यांचे संगीत जिथे अमूर्ताकडे झुकते तिथे लव्ह यांनी कपड्यांचे रंग, केसांवरचे ऊन, वाऱ्यावर येणारा सुगंध अशा साध्या, डोळ्यांना आणि नाकाला कळणाऱ्या गोष्टी ठेवल्या. इतक्या अपरिचित आवाजांचे गाणे लाखो लोकांना आपले वाटले, त्यात या शब्दांचा वाटा मोठा आहे. संगीताचे विश्लेषण करणारे लोक हा वाटा पुरेसा मान्य करत नाहीत.

पहिल्या प्रश्नाविषयी: धाडस होतेच. 'पेट साउंड्स' अमेरिकेत विक्रीच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंतच गेला होता आणि कंपनीला तो अपेक्षेपेक्षा कमी वाटला होता. ब्रिटनमध्ये तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. अशा वेळी मध्येच थबकणारे सिंगल काढणे सोपे नव्हते. परिणाम मात्र सर्वांना माहीत आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १० डिसेंबर १९६६ च्या आठवड्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. बँडची त्याआधीची दोन गाणी, १९६४ आणि १९६५ मध्ये, अमेरिकेत पहिली आली होती. ब्रिटनमधले हे त्यांचे पहिलेच. पूर्वी बीटल्सचे काम पाहिलेले डेरेक टेलर तेव्हा बीच बॉइजचे प्रसिद्धिप्रमुख होते, आणि खिशात मावणारी सिम्फनी हे या गाण्याचे वर्णन त्यांनीच पसरवले.

तरीही एक असहमती नोंदवते. सगळ्यांनी या पद्धतीचे कौतुक केले आहे, पण या यशाची किंमत पुढच्या वर्षी मोजावी लागली. तुकड्यांतून गाणे बांधण्याची हीच रीत विल्सन यांनी 'स्माइल' या संपूर्ण अल्बमला लावली. एका गाण्यात पाच-सहा भाग असतात तेव्हा त्यांचे क्रम एका माणसाला डोक्यात धरता येतात. पण बारा गाणी, प्रत्येकाचे अनेक भाग, आणि कोणताही भाग कोणत्याही गाण्यात जाऊ शकतो, अशी स्थिती झाली की निवड संपतच नाही. मे १९६७ मध्ये तो अल्बम सोडून दिल्याचे जाहीर झाले, तेव्हा मुखपृष्ठे छापूनही झाली होती. सप्टेंबर १९६७ मध्ये त्याऐवजी 'स्मायली स्माइल' हा पुष्कळ साधा अल्बम आला आणि 'गुड व्हायब्रेशन्स' त्यातच घालण्यात आले. जी रीत एका सिंगलला तारते ती अल्बमला बुडवू शकते, हे त्या यशाबरोबर सांगितले पाहिजे.

ध्वनिलेखनिक

उत्तररात्र यांनी गायनाविषयी आणि शब्दांविषयी जे लिहिले त्याला माझी पूर्ण संमती आहे. माझ्या उत्तरात तो भाग यायला हवा होता. 'स्माइल'विषयी मात्र सगळा दोष पद्धतीवर टाकणे मला पटत नाही. १९६७ च्या पहिल्या काही महिन्यांत बँडचा कॅपिटॉल कंपनीशी मानधनाच्या रकमेवरून न्यायालयीन वाद सुरू झाला, सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्यामुळे कार्ल यांना अटक झाली, 'स्माइल'साठी पार्क्स यांनी लिहिलेल्या शब्दांवरून बँडमध्येच मतभेद झाले, आणि ब्रायन यांची प्रकृती ढासळत होती. यांपैकी एकेक गोष्टही मोठ्या कामाला थांबवायला पुरेशी होती. शिवाय २००४ मध्ये विल्सन यांनी आपल्या नव्या वादकांसह ते काम पूर्ण करून दाखवले, आणि त्यातले 'गुड व्हायब्रेशन्स' त्यांनी बरेचसे अ‍ॅशर यांच्या जुन्या शब्दांवर गायले. म्हणजे तुकडे जुळण्याजोगे होते. १९६७ मध्ये ते जुळवण्याजोगी परिस्थिती नव्हती.

वेळेच्या प्रश्नावर आणखी एक पुरावा देता येतो. १९७६ मध्ये टॉड रंडग्रेन यांनी हे गाणे मूळ रेकॉर्डची शक्य तितकी हुबेहूब प्रत म्हणून ध्वनिमुद्रित केले आणि ते अमेरिकेत पहिल्या चाळिसांतही गेले. अंतिम आकार आधीच समोर असेल तर दुसरा कुशल संगीतकारही ते उभे करू शकतो, एवढे त्यातून सिद्ध होते. विल्सन यांना सात महिने लागले ते वाजवायला नव्हे, तर तो आकार सापडायला.

तबकडीप्रेमी

शेवटचे एक विचारतो. नव्या श्रोत्याने यांपैकी कोणते रूप ऐकावे? स्टीरिओ आणि मोनो अशी दोन्ही रूपे उपलब्ध दिसतात.

मंद्रसप्तक

आधी मूळ मोनो, म्हणजे सगळे आवाज एकाच प्रवाहात असलेले रूप. ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, आणि त्या काळातली त्यांची सगळी मिश्रणे मोनोसाठीच केलेली होती. कोणता आवाज कोणामागे लपावा आणि कोणता पुढे यावा हे त्यांनी त्या एकाच प्रवाहात ठरवले आहे. गायनाच्या मूळ बहुट्रॅक टेप हरवल्यामुळे कित्येक दशके खरे स्टीरिओ रूप करताच येत नव्हते. २०१२ मध्ये मोनोमधून आवाज संगणकाने वेगळे काढून ते तयार करण्यात आले. गायनाच्या वाटा स्वतंत्र ऐकायला ते उपयोगी आहे, पण त्यात ध्रुवपदातला चेलो आणि बेस यांचा एकत्रित घाव मोनोइतका लागत नाही.

त्यानंतर २०११ मध्ये निघालेल्या 'द स्माइल सेशन्स' या संचाकडे वळावे. त्याच्या मोठ्या आवृत्तीतली एक संपूर्ण तबकडी याच गाण्याच्या सत्रांना दिलेली आहे. तिच्यात विल्सन वादकांना थांबवताना, लय बदलायला सांगताना आणि तोच भाग पुन्हा घ्यायला लावताना ऐकू येतात. उन्हाळ्यातले जे भाग शेवटी वगळले गेले ते विशेष लक्ष देऊन ऐका. त्यांतले काही इतके देखणे आहेत की ते का टाकले असतील असा प्रश्न पडतो, आणि मग मूळ सिंगल लावून ते कुठे बसले असते हे शोधायला लागले की त्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.